दंतवैद्याविरुद्ध दाद : सिंगापूरच्या दोन शतकांचा वृत्तांत

इंग्लंडच्या राजाने २७ नोव्हेंबर १८२६ रोजी पिनांग, सिंगापूर आणि मलाक्का या ईस्ट इंडिया कंपनीच्या तीन ठाण्यांसाठी एक न्यायसनद दिली. इतिहासात ‘दुसरी न्यायसनद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सनदेमुळे सिंगापूर बेटावर इंग्लिश कायद्याचा अंमल सुरू झाला. आणि त्याबरोबरच, दुसऱ्याच्या हयगयीने आपल्या शरीरास इजा झाली असता दिवाणी न्यायालयात फिर्याद गुदरून द्रव्यरूपाने नुकसानभरपाई मागण्याचा हक्क, निदान कागदोपत्री तरी, तेथील प्रत्येक रहिवाशाला प्राप्त झाला. चिनी हमाल, मलय कोळी, तमिळ मजूर आणि आपल्या मुंबई-मद्रास इलाख्यांतून काळ्या पाण्याची शिक्षा भोगण्यासाठी तिकडे धाडलेले बंदी अशा नाना जातिधर्मांच्या लोकांनी ते बंदर त्या काळी गजबजत चालले होते, आणि दातदुखी यांपैकी कोणालाही चुकलेली नव्हती. परंतु ज्याच्या हातून दात उपटताना जबडा मोडला अथवा जखम चिघळून प्राणावर बेतले, त्या इसमाला कायद्याच्या दप्तरात नाव नव्हते, पदवी नव्हती आणि कर्तव्यही नव्हते; हक्क आला तरी तो ज्याच्याविरुद्ध बजावायचा तो दंतवैद्य कायद्याच्या लेखी जन्मास यायला आणखी ९८ वर्षे लोटावी लागली. सिंगापुरातील दंतरुग्णाने दाद कशी मागितली, ती त्याला कितपत मिळाली आणि तिच्या आड काय आले, याचा हा वृत्तांत मुख्यतः त्या अंतराचा आणि ते भरून काढण्याच्या प्रयत्नांचा आहे.

आरंभीची चाळीस वर्षे सिंगापूरचा कारभार हिंदुस्थानातूनच चाले. १ एप्रिल १८६७ रोजी ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख कलकत्त्याच्या ताब्यातून निघून थेट इंग्लंडच्या वसाहत खात्याकडे गेला; तथापि हिंदुस्थानाशी असलेले कायद्याचे नाते त्यामुळे तुटले नाही, उलट १८७१ साली तेथे जी दंडसंहिता मंजूर झाली आणि १८७२ च्या सप्टेंबरात अमलात आली, ती १८६० च्या हिंदी दंडसंहितेवरच बेतलेली होती. आपल्याकडच्या जुन्या वकिलांना तोंडपाठ असलेल्या हिंदी संहितेतील ३२० व्या कलमात हाड अथवा दात मोडणे किंवा निखळणे याची गणना ‘जबर दुखापती’त केलेली आहे, म्हणजे एखाद्याने ठोसा मारून दुसऱ्याचा दात पाडला, तर त्याची गणना किरकोळ मारहाणीत न होता गंभीर गुन्ह्यात होत असे. परंतु हा कायदा दांडगाईसाठी होता. रुग्णाच्या संमतीने, त्याच्याच हितासाठी आणि सद्भावनेने केलेल्या कृत्याला त्याच संहितेने संरक्षण दिले होते, आणि ते योग्यही होते, कारण प्रत्येक अपयशी शस्त्रक्रियेमागे फौजदाराचा ससेमिरा लागू लागला तर शस्त्र हाती धरण्यास कोणी धजणार नाही. यामुळे फौजदारी दरवाजा अत्यंत अरुंद राहिला; बेदरकारपणा उघड दिसत असेल तरच तो किलकिला होई. ज्याला दाद हवी त्याने दिवाणी वाटेनेच जावे, अशी रचना पहिल्यापासून पडली, ती आजतागायत तशीच आहे.

आता त्या काळी दात काढीत कोण, हे पाहिले पाहिजे. गोऱ्या व्यापाऱ्यांसाठी आणि अंमलदारांसाठी परदेशांत शिकून आलेले मोजके दंतवैद्य असत. सामान्य रयतेचा सारा भार मात्र गुरूच्या हाताखाली राहून हा धंदा शिकलेल्या कारागिरांवर होता. चीनच्या हुपेई प्रांतातील, विशेषतः तिएनमेन भागातील लोकांनी आग्नेय आशियाभर दात काढण्याचा आणि नवे बसविण्याचा धंदा वंशपरंपरेने हाती घेतला होता, इतका की सिंगापूर-मलायात हुपेईचा माणूस म्हणजे दातवाला अशीच ओळख झाली; विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या जोडीला जपानी दंतवैद्यही आले. चायनाटाउनच्या अरुंद गल्ल्यांत, दुकानांच्या पुढच्या पडवीत, एक खुर्ची, एक तस्त, चिमट्यांची एक पेटी आणि काचेच्या कपाटात मांडलेल्या कवळ्या व सोन्याची वेष्टने एवढ्या सरंजामावर हा व्यवसाय चाले. त्यातले कित्येक कारागीर हस्तकौशल्यात निष्णात होते, हे नाकारणे अन्यायाचे होईल, कारण पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक टिकते ते काही केवळ लाचारीने टिकत नाही. परंतु जंतू म्हणजे काय, हत्यारे उकळून का घ्यावयाची, जबड्याच्या हाडातून कोणती रक्तवाहिनी आणि कोणता मज्जातंतू कोठून जातो, हे शिकविणारी शाळाच नसल्यामुळे त्यांचे कौशल्य जेथे अपुरे पडे तेथे त्याची किंमत रुग्णाच्या देहाला मोजावी लागे.

असा जायबंदी झालेला हमाल अथवा रिक्षावाला न्यायालयात का जात नसे, याची कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. उपचाराची नोंद कोठेही नसे. काय केले, कोणता दात काढला, आधी काय सांगितले, याचा चिठोराभर कागद नसे. न्यायालयाची भाषा इंग्रजी, वकिलाचा मोबदला महिनोन्‌महिन्यांच्या मजुरीएवढा, आणि प्रतिवादी दुसऱ्या दिवशी पेटी उचलून दुसऱ्या बंदराला निघून जाण्यास मोकळा. शिवाय समाजातील तंटे आपापल्या ज्ञाती-संस्थांच्या वडीलधाऱ्यांपुढे मिटविण्याची रीत चिनी वस्तीत दृढ होती. आपल्याकडील पंचायतीप्रमाणे तेथेही समेट होई, परंतु कसूर कोणाची हे ठरविणारा आणि पुढील माणसाला उपयोगी पडणारा लेखी निवाडा त्यातून निपजत नसे. तक्रार मिटे, पण नियम घडत नसे.

नियम घडत होता तो दूर इंग्लंडात. १८३८ साली एका शस्त्रवैद्यावरील दाव्यात सरन्यायाधीश टिंडल यांनी ज्यूरीला असे सांगितले की, विद्वत्तेच्या व्यवसायात शिरणारा मनुष्य रुग्ण बरा होईलच अशी हमी देत नाही, किंवा सर्वोच्च प्रतीच्या कौशल्याचीही हमी देत नाही. वाजवी आणि सक्षम अशा कौशल्याची हमी मात्र तो देतो. पुढे १९०८ साली एडवर्ड्स विरुद्ध मॅलन या दाव्यात, दात काढताना केलेल्या हयगयीबद्दलची फिर्याद ही कराराच्या भंगापेक्षा स्वतंत्र अशा दिवाणी अपकृत्याची फिर्याद आहे असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मानले. दिसण्यास ही बाब तांत्रिक आहे, पण तिचा आशय मोठा होता: दंतवैद्याचे कर्तव्य त्याने घेतलेल्या पैशापुरते बांधलेले नसून, दुसऱ्याच्या तोंडात हत्यार घालण्याचे काम पत्करताच ते त्याच्यावर येऊन पडते. इंग्लिश कायद्याच्या अमलाखाली असलेल्या सिंगापुरासही हे तत्त्व लागू होते; उणीव होती ती हे तत्त्व ज्याला लावावयाचे त्या ओळखता येण्याजोग्या, पत्ता आणि नोंद असलेल्या दंतवैद्याची.

ती उणीव दूर होण्याची पूर्वतयारी वैद्यकीय शिक्षणाने केली. स्थानिक मुलांना वैद्यक शिकण्यासाठी मद्रासला धाडण्याची पाळी यावी अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिती होती; तान जियाक किम या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने चिनी व इतर व्यापाऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि १९०५ साली, जेथे पूर्वी हिंदी पलटणींची छावणी होती म्हणून ‘सिपॉय लाइन्स’ असे नाव पडले होते त्या भागात, सरकारी वैद्यकीय शाळा उघडली, तीच पुढे किंग एडवर्ड सातवे वैद्यकीय महाविद्यालय म्हणून नावारूपास आली. वैद्यकाला शाळा मिळाली तशी दंतवैद्यकाला शिस्त लावण्याची निकड भासू लागली, आणि १९२४ साली स्ट्रेट्स सेटलमेंट्सच्या विधिमंडळाने दंतवैद्य नोंदणीचा कायदा मंजूर केला.

या कायद्याची मांडणी व्यवहारी शहाणपणाची होती. ज्यांच्याजवळ मान्य पदवी होती त्यांची नोंद पटाच्या पहिल्या विभागात आणि ज्यांच्याजवळ पदवी नव्हती परंतु जे आधीपासून हा धंदा करीत होते त्यांची नोंद दुसऱ्या विभागात करण्यात आली. एका फटक्यासरशी साऱ्या जुन्या कारागिरांना बेकायदा ठरविले असते तर गोरगरिबांना दात काढण्यास कोणी उरले नसते, आणि ते चोरून धंदा करू लागले असते ते वेगळेच. उलट त्यांना पटावर घेतल्यामुळे प्रत्येकाला नाव, पत्ता आणि जबाबदारी आली, आणि नोंदणीवाचून हा धंदा करणे हा गुन्हा ठरला. रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर दाद मागण्याच्या इतिहासातील खरा पहिला टप्पा हाच होय, कारण यापुढे ज्याच्यावर फिर्याद करावयाची तो कोण, हा प्रश्न उरला नाही.

पाचच वर्षांनी, १९२९ साली, किंग एडवर्ड महाविद्यालयातच दंतवैद्यकाची शाखा सुरू झाली आणि एडगर किंग्जली ट्रॅटमन हे तिचे पहिले प्राध्यापक झाले.  सिंगापुरास त्यांनी दिलेली देणगी म्हणजे स्थानिक भूमीवर शिकलेल्या दंतवैद्यांची पहिली पिढी. महायुद्धानंतर, १९४९ साली मलाया विद्यापीठ स्थापन होऊन या शिक्षणास पदवीची प्रतिष्ठा मिळाली, त्याच वर्षी शाळकरी मुलांसाठी दंतसेवा सुरू झाली, आणि १९५६ पासून दोनतीन वर्षांत साऱ्या बेटाच्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्याची योजना पुरी झाली. जनतेच्या दातांचे आरोग्य सुधारले. पण त्याबरोबरच दंतवैद्याकडे जाणे ही निरुपायाची गोष्ट न राहता नित्याची गोष्ट झाली, उपचार अधिक गुंतागुंतीचे झाले, आणि अपेक्षा वाढली तशी अपेक्षाभंगाची धारही वाढली.

ज्या दशकात सिंगापूरची दंतसेवा अशी उभी राहत होती, त्याच दशकात इंग्लिश न्यायालयांनी तीन निवाडे दिले, आणि वसाहतीच्या न्यायालयांत इंग्लिश निवाड्यांचे वजन मोठे असल्यामुळे तेथील रुग्णाचे भवितव्यही त्यांनीच रेखले. १९४८ सालच्या फिश विरुद्ध कपूर या दाव्यात दंतवैद्याने दात काढताना मुळाचा तुकडा आत राहिला आणि जबडाही मोडला. तरीही, जबडा मोडला आणि मूळ राहिले एवढ्याच गोष्टीवरून हयगय सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सामान्य माणसाला हा निर्णय धक्कादायक वाटेल, परंतु त्यामागील विचार असा की, काही दातांची मुळे वाकडी आणि काही जबडे ठिसूळ असतात, आणि पूर्ण दक्षता घेऊनही असा अपघात घडू शकतो. म्हणून इजा दाखविणे पुरेसे नाही, कसूर दाखविली पाहिजे. याउलट १९५३ साली, दात काढताना घशात ठेवलेला बोळा श्वासमार्गात जाऊन रुग्ण गुदमरून मेला तेव्हा, दक्षता घेतली असता असे घडत नाही, तेव्हा खुलासा करण्याची जबाबदारी दंतवैद्यावर आहे, असे मानून त्याला जबाबदार धरण्यात आले. या दोन निवाड्यांच्या मधल्या जागेत दंतरुग्णाचे बहुतेक दावे पडतात.

तिसरा निवाडा १९५७ चा, बोलम नावाने प्रसिद्ध असलेला. मानसिक आजारावर विजेचे धक्के देताना स्नायू शिथिल करणारे औषध न दिल्यामुळे रुग्णाची हाडे मोडली होती, आणि तसे औषध द्यावे की न द्यावे याविषयी वैद्यांतच दोन मते होती. न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी ज्यूरीस सांगितले की, त्या विद्येतील जबाबदार व्यावसायिकांच्या एखाद्या गटाला जी पद्धत योग्य वाटते ती पद्धत अनुसरणारा वैद्य हयगयीचा दोषी ठरत नाही, मग दुसऱ्या गटाचे मत काहीही असो. रुग्ण हरला आणि एक कसोटी जन्मास आली. व्यवसायाचे मोजमाप व्यवसायानेच करावे, असा तिचा अर्थ होता. पुढे १९९७ साली लॉर्ड्सच्या सभेने तीत एवढी दुरुस्ती केली की, तज्ज्ञांचे मत तर्काच्या कसोटीवरही टिकले पाहिजे. पण पाया तोच राहिला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील आणि नंतरच्या सिंगापुराने सामान्य माणसाला न्यायालयाचे दार सुलभ व्हावे म्हणून काही संस्था उभ्या केल्या. १९५८ साली गरिबांसाठी सरकारी कायदेमदत कचेरी निघाली, १९७१ साली ग्राहकांची संघटना स्थापन झाली, १९८५ साली लघुवाद न्यायाधिकरणे सुरू झाली. या न्यायाधिकरणांत वकील लागत नाही, आणि २०१९ पासून तेथे २०,००० डॉलरपर्यंतचे, उभयपक्षांच्या संमतीने ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात. कवळी बसली नाही, पैसे घेऊन काम अर्धवट टाकले, असल्या कराराच्या तक्रारींस ही जागा सोयीची आहे. परंतु शरीराच्या इजेची भरपाई तेथे मागता येत नाही. तिच्यासाठी दिवाणी न्यायालयच गाठावे लागते: ६०,००० डॉलरपर्यंत मॅजिस्ट्रेटचे, २,५०,००० डॉलरपर्यंत जिल्हा न्यायालय आणि त्यावर उच्च न्यायालय. यशावर अवलंबून असणारा हिस्सा घेऊन दावा लढण्यास तेथील वकिलाला मनाई आहे, आणि हरणाऱ्याने बहुधा जिंकणाऱ्याचा खर्चही द्यावा असा शिरस्ता आहे. एका दाढेसाठी हा जुगार खेळण्यास कितीजण तयार होतील, याची कल्पना वाचकाने करावी. दातांचे दावे बहुधा आपसांत मिटतात आणि मोठे निवाडे वैद्यकाच्या इतर शाखांतून येतात, याचे कारण येथेच आहे.

आणि तरीही दाढेची इजा क्षुल्लक असते असे कोणी समजू नये. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक नळी जाते, तिच्यातून खालचा ओठ आणि हनुवटी यांना संवेदना देणारा मज्जातंतू जातो, आणि आडव्या वाढलेल्या अक्कलदाढेची मुळे कधी कधी या नळीला अगदी बिलगलेली असतात. तेथूनच जवळ, जबड्याच्या आतल्या अंगाने, जिभेला स्पर्शाची जाणीव देणारा आणि चवीचे तंतू वाहणारा दुसरा मज्जातंतू जातो. दाढ काढताना यांपैकी एखादा दुखावला तर बहुतेकांची बधिरता काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते, पण थोड्यांची कायम राहते. अशा माणसाला चहाचा कढतपणा ओठाला कळत नाही, जेवताना कडेला लागलेले शीत जाणवत नाही, दाढी करताना कापलेले समजत नाही, जीभ दाताखाली येऊन रक्त निघाले तरी ते तोंडाला चव आल्यावरच उमगते. क्ष-किरणांच्या छायाचित्रात मूळ आणि नळी यांची जवळीक आधीच दिसू शकते. ती दिसली असता दाढेचा माथाच कापून मुळे जागेवर ठेवण्याचा, अथवा दाढ मुळीच न काढण्याचा पर्यायही असतो. म्हणून असल्या तक्रारीत दंतवैद्याचा हात चुकला की नाही, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न उभा राहतो: हा धोका रुग्णाला आधी सांगितला होता काय?

बोलमच्या कसोटीत या प्रश्नाचे उत्तरही व्यवसायाच्याच हाती होते. २००२ साली सिंगापूरच्या अपील न्यायालयाने मेंदूवरील किरणोपचाराच्या एका गाजलेल्या दाव्यात, उच्च न्यायालयाने रुग्णास मंजूर केलेली मोठी भरपाई रद्द करताना, निदान आणि उपचाराप्रमाणेच सल्ला देण्याच्या बाबतीतही बोलमचीच कसोटी लावली. वैद्यकातील प्रामाणिक मतभेदांचा निवाडा करण्यास न्यायाधीश समर्थ नसतात, ही त्यामागील भूमिका होती. तिच्यात विनय होता, हे मान्य करूनही म्हणावे लागते की, शरीर ज्याचे त्याला काय ऐकण्याची गरज आहे हे ठरविण्यास वैद्यकाचे पांडित्य लागत नाही.

दरम्यान शिस्तीची दुसरी वाट रुंदावत होती. १९९९ च्या दंतवैद्य नोंदणी कायद्याने दंतवैद्यांच्या जुन्या नोंदणी मंडळाच्या जागी सिंगापूर दंतवैद्यक परिषद आणली. शपथपूर्वक निवेदनासह लेखी तक्रार दाखल झाली म्हणजे तिची प्राथमिक छाननी होते, आणि कसूर गंभीर दिसल्यास शिस्तीची चौकशी होऊन ठपका, दंड, निलंबन अथवा पटावरून नाव काढणे यांपैकी शासन होऊ शकते. त्यावर उच्च न्यायालयात अपील होते. या वाटेला वकिलाचा खर्च अनिवार्य नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु दंडाची रक्कम तक्रारदाराला मिळत नाही, त्याचा बधिर ओठ अथवा दुसऱ्या दंतवैद्याचे बिल यांची दखल ती घेत नाही. परिषदेपुढे व्यवसायाची शुचिता पारखली जाते, न्यायालयात रुग्णाचे नुकसान मोजले जाते, आणि दोन्ही हवे असणाऱ्याला दोन्ही दारी स्वतंत्रपणे उभे राहावे लागते. ही दोन खाती वेगळी आहेत हे ठाऊक नसल्याने, एकीकडे वर्षे घालवून दुसरीकडची मुदत गमावण्याचा धोका रुग्णापुढे नेहमी असतो.

१२ मे २०१७ हा दिवस या वृत्तांतातील दुसरा मोठा टप्पा होय. सरन्यायाधीश सुंदरेश मेनन यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, स्वादुपिंडावरील शस्त्रक्रियेच्या एका दाव्यात, निदान व उपचार यांसाठी जुनी कसोटी कायम ठेवली, परंतु सल्ल्यासाठी नवी घातली: जी माहिती रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते आणि जी वैद्याजवळ होती, ती त्याने सांगितली पाहिजे, आणि सांगितली नसेल तर त्याचे समर्थनीय कारण दाखविले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँट्गमेरी खटल्यात जो मार्ग धरला होता, त्याच्याशी हा मार्ग मिळताजुळता होता. ज्या रुग्णाच्या दाव्यातून हे तत्त्व निघाले तो स्वतः मात्र हरला, कारण त्याला आवश्यक तो सल्ला मिळाला होता असे न्यायालयाला आढळले; त्याच्या पराभवाने पुढच्यांची वाट मोकळी केली.

परंतु लंबक लगेच उलट फिरला. २०१९ च्या आरंभी एका अस्थिरोगतज्ज्ञाला, इंजेक्शनचे संभाव्य परिणाम रुग्णास सांगितले नाहीत म्हणून, वैद्यक परिषदेच्या शिस्त न्यायाधिकरणाने १,००,००० डॉलर दंड केला. वैद्यवर्गात खळबळ उडाली. प्रत्येक लहानसहान धोक्याची यादी रुग्णाच्या हाती ठेवून स्वतःला वाचविण्याची वृत्ती बळावेल आणि त्यात रुग्णाचेच नुकसान होईल, अशी भीती सर्वत्र व्यक्त झाली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आरोग्य मंत्रालयाने एक कार्यगट नेमला, आणि त्याच्या शिफारशींवरून २०२० साली संसदेने दिवाणी कायद्यात ३७ वे कलम घातले, ते १ जुलै २०२२ पासून अमलात आले. या कलमाने मोजमाप पुन्हा समव्यावसायिकांच्या मताकडे नेले, मात्र त्याला अट घातली: रुग्णाला निर्णय करण्यासाठी वाजवीपणे जी माहिती लागेल, आणि त्या विशिष्ट रुग्णाला जी महत्त्वाची वाटते हे वैद्याला ठाऊक आहे अथवा असावयास हवे, ती देणे आवश्यक आहे असे ते मत मानीत असले पाहिजे, आणि ते तर्कशुद्धही असले पाहिजे. अशा रीतीने २००२ आणि २०१७ यांच्यामध्ये तडजोड झाली.

या तडजोडीचे मूल्यमापन करताना आपल्या घरचा अनुभव जवळ ठेवण्यासारखा आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडी मोडलेल्या एका तरुणाला पुण्यास आणले, उपचारात तो दगावला, आणि त्याच्या पित्याने लावलेला जोशी-गोडबोले दावा १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. शस्त्रवैद्याने काळजी घेण्याचे कर्तव्य मोडले असे ठरून ३,००० रुपयांची भरपाई कायम झाली. एका बापाला ३,००० रुपयांसाठी पंधरा वर्षे खपावे लागले. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा यांनी पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक न्यायमंचाच्या कक्षेत आणली, तेव्हा भारतीय रुग्णाला, दंतरुग्णालाही, स्वस्त आणि जवळचे दार मिळाले. सिंगापुराने असे एकच दार उघडले नाही. त्याने कठोर नोंदणी, नियमित दप्तर आणि शिस्तीची परिषद यांवर भर दिला. आपल्याकडे दार सोपे आहे पण नोंदी अनेकदा नसतात. तिकडे नोंदी चोख आहेत पण दार महाग आहे. दोन्ही समाजांनी एकमेकांकडून घ्यावे असे पुष्कळ आहे.

दोन शतकांचा हा हिशेब मांडता एक निष्कर्ष अटळ आहे. १९२४ च्या नोंदणीने दंतवैद्य कोण हे ठरविले, १९५७ च्या कसोटीने त्याने कसे वागावे हे ठरविले, २०१७ आणि २०२० ने त्याने काय सांगावे हे ठरविले. मागेपुढे होत का होईना, एकंदरीत रुग्णाचा हक्क वाढला, परंतु तो हक्क सिद्ध करण्याचे ओझे पहिल्या दिवसापासून बहुतांशी रुग्णाच्याच खांद्यावर राहिले. पुरावा लेखी असतो आणि ते लेख दंतवैद्याच्या कपाटात असतात. तज्ज्ञ साक्षीदार लागतो, आणि एकच दंतमहाविद्यालय असलेल्या छोट्या देशात समव्यावसायिकाविरुद्ध उभा राहणारा तज्ज्ञ मिळणे साहजिकच कठीण असते. रुग्णाच्या विनंतीवरून त्याच्या उपचाराच्या संपूर्ण नोंदी आणि छायाचित्रे ठराविक दिवसांत, विनातक्रार आणि अल्प शुल्कात त्याच्या हाती पडावीत, आणि लहान रकमेच्या शारीरिक इजांच्या दाव्यांसाठी तज्ज्ञाची जोड असलेले स्वस्त न्यायाधिकरण निघावे, एवढ्या दोन सुधारणा झाल्या तर १८२६ च्या सनदेने दिलेला शब्द पुरा झाला असे म्हणता येईल.

तोवर सिंगापुरात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना एवढेच सांगणे आहे. दाढ काढण्यापूर्वी किंवा इम्प्लांट बसविण्यापूर्वी मज्जातंतूचा धोका आणि इतर पर्याय यांविषयी स्पष्ट विचारा, आणि उत्तर त्याच दिवशी तारखेनिशी लिहून ठेवा. इजा झालीच तर छायाचित्रांची आणि नोंदींची प्रत लगेच मागा, दुसऱ्या दंतवैद्याचे लेखी मत घ्या, आणि परिषदेकडील तक्रार ही भरपाईच्या दाव्याची जागा घेत नाही हे ध्यानात ठेवा. शरीराच्या इजेबद्दल दावा दाखल करण्याची तेथील सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे, आणि मुदत टळलेल्या फिर्यादीला, ती कितीही खरी असली, कोणतेही न्यायालय सहसा दाद देत नाही.